विकेंद्रित समाजमाध्यमे आणि सामान्य वाचक

आज मराठी लेखनाचा मोठा भाग प्रथम समाजमाध्यमांवर प्रकट होतो, आणि ही माध्यमे मोजक्या खाजगी मालकांच्या स्वाधीन आहेत. मालकाने दार लावून घेतले की आतील लेखनही अंतरते. मराठीतही लिहिण्याची सोय देणारे ‘कू’ 2020 मध्ये सुरू झाले आणि 2024 मध्ये बंद पडले. बेज्जूरसारख्या तेलुगुभाषक मुलखातील मराठी माणसाचा आपल्या भाषेशी संबंध पुष्कळदा अशा माध्यमांतूनच टिकतो. त्याला ही हानी अधिक जाणवते.

यावर उपाय म्हणून मॅस्टोडॉनसारख्या विकेंद्रित माध्यमांचा पुरस्कार केला जातो. 2016 मध्ये आरंभलेल्या या माध्यमात अनेक स्वतंत्र सर्व्हर असतात. प्रत्येकाचा चालक निराळा, नियम निराळे. तरीही टपालाप्रमाणे एकावरील मजकूर दुसऱ्यावर पोचतो. तत्त्व निःसंशय स्तुत्य आहे. परंतु नोव्हेंबर 2019 मध्ये ट्विटरवर रुष्ट होऊन तेथे गेलेले अनेक भारतीय लेखक-वाचक तेथे रमले नाहीत.

याचे कारण आपल्याच वाङ्मयेतिहासात सापडते. 1950 नंतरच्या काळात ‘शब्द’, ‘असो’, ‘वाचा’ आदी लघुअनियतकालिकांनी प्रस्थापित संपादकांची सत्ता नाकारली. मराठी साहित्यावरील त्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ती बहुतांशी लिहिणाऱ्यांनी लिहिणाऱ्यांसाठी काढलेली होती. सामान्य वाचक त्यांच्याकडे वळला नाही. स्वातंत्र्याची निकड लेखकाला भासते. वाचक मात्र ओळखीच्या माणसांच्या शोधात येतो. त्याला उंबरठ्यावरच ‘कोणता सर्व्हर हवा?’ असे विचारले, तर तो माघारी फिरणारच.

मग विकेंद्रित रचना सामान्यजनांना मानवतच नाही काय? आळंदीहून पंढरपूरला जाणारी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी याच्या उलट साक्ष देते. प्रत्येक दिंडीचा वीणेकरी वेगळा, भोजनाची व्यवस्था वेगळी. तरीही अक्षरशः लक्षावधी लोक त्यात सुखाने चालतात. नवा वारकरी दिंड्यांची तुलना करीत बसत नाही. बहुधा तो गावच्या किंवा आप्ताच्या दिंडीबरोबर निघतो. सायंकाळच्या समाजआरतीला चोपदार दंड उंचावतो आणि सर्वत्र शांतता पसरते. ज्या दिंडीची तक्रार असेल तिचे टाळ मात्र वाजतच राहतात, आणि चोपदार तेथे जाऊन गाऱ्हाणे ऐकतो. स्वायत्तता, ओळखीचे प्रवेशद्वार आणि तक्रारीची सर्वमान्य रीत या तिन्ही गोष्टी येथे एकत्र नांदतात.

विकेंद्रित माध्यमांत पहिली आहे, दुसरी नाही आणि तिसरी दुबळी आहे. कारण तेथे प्रत्येक चालक आपल्यापुरता न्याय करतो. ही उणीव यंत्रज्ञांपेक्षा संस्थांना अधिक सहज भरून काढता येईल. साहित्य परिषदा, ग्रंथालये व शाळा यांनी आपापले सर्व्हर चालवावेत, सभासदाला तेथे आपणहून स्थान द्यावे आणि वादनिवारणाची एक सामाईक रीत ठरवावी. यास खर्च व चिकाटी दोन्ही लागतील. पण आपल्या भाषेतील लेखन कोणा मालकाच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा तो भार आपणच वाहणे श्रेयस्कर होय.