किलो कुठे खर्च झाला?

टायरच्या दुकानात गेलेला माणूस आधी नक्षी बघतो, मग किंमत विचारतो. जरा दर्दी असेल तर ट्रेडमध्ये नख रुतवून रबर किती मऊ आहे ते पाहतो. मला मात्र टायर दोन्ही हातांनी उचलून पाहायची खोड आहे. 225/45 आर 17 हे स्पोर्ट्स टायरांमधलं सरावाचं माप घ्या. या मापाचा एक टायर नऊ किलोंच्या आसपास भरतो, तर दुसरा अकराच्या घरात जातो. गाडी तीच, रिम तीच, हवाही तेवढीच. मग हे वरचे दोन किलो कोणी, कशासाठी आणि टायरच्या कुठल्या भागात घातले? माझ्या दृष्टीने टायरची गोडी इथून लागते.

टायरच्या बाजूवर त्याची कुंडली छापलेली असते. 225 म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी. 45 म्हणजे त्या रुंदीच्या तुलनेत बाजूची उंची किती टक्के, म्हणजे इथे साधारण 101 मिलिमीटर. 17 हा रिमचा इंचातला व्यास. पुढे ‘94 वाय’ असेल, तर हा टायर 670 किलो भार पेलेल आणि ताशी 300 किलोमीटरचा वेग सोसेल. एवढा सगळा बडेजाव रस्त्याला टेकतो तो किती? बाराशे किलोंची गाडी आणि टायरमध्ये 32ची हवा धरून हिशेब केला, तर एका टायरच्या वाट्याला 130-135 चौरस सेंटिमीटर जमीन येते. म्हणजे पोस्टकार्डापेक्षा किंचित मोठा तुकडा. ब्रेक, वळण, वेग, पाऊस असा सगळा व्यवहार या चार पोस्टकार्डांवर चालतो.

आता वजन. डोंगर चढताना पाठीवरच्या पिशवीत एक किलो जास्त असला तर तो फारसा जाणवत नाही. तोच किलो दोन्ही बुटांत वाटून घातला तर पहिल्याच चढावर पोटऱ्या बोलू लागतात. गाडीचं तसंच आहे. बॉडीतलं वजन स्प्रिंगवर बसलेलं असतं, टायरचं वजन मात्र स्प्रिंगच्या खाली असतं. रस्त्यावर उंचवटा आला की ते वजन वर उडतं आणि त्याला पुन्हा जमिनीला टेकवायचं काम स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर यांना करावं लागतं. जड चाक परतायला वेळ घेतं, आणि तेवढ्या वेळापुरतं एक पोस्टकार्ड हवेत असतं.

शिवाय टायर फिरतो. वजन आसापासून जितकं लांब, तितकं ते फिरवायला अवघड. ट्रेडमधला किलो सर्वांत बाहेरच्या कडेला बसलेला असल्यामुळे वेग घेताना आणि ब्रेक लावताना तो जवळपास दोन किलोंसारखा वागतो. म्हणून गाडीवेडे टायरच्या वजनाचे तक्ते करतात आणि अर्ध्या अर्ध्या किलोसाठी हुज्जत घालतात.

त्यांचा हिशेब मांडून पाहू. प्रत्येक टायरमागे एक किलो वाचला तर चारांचे चार किलो, आणि फिरण्याचा परिणाम धरला तर आठ. बाराशे किलोंच्या गाडीत हे एक टक्काही नाही. मागच्या सीटवरून कपड्यांची बॅग उतरवली तरी एवढा फरक पडतो. ‘हलके टायर टाकले आणि गाडी पळायला लागली’ असं कुणी सांगितलं, तर त्यातला बराचसा भाग नव्या रबराचा आणि उरलेला नव्या खर्चाचा असतो. फरक जाणवतो तो खडबडीत वळणावर. रिम, ब्रेक, हब आणि टायर मिळून एका कोपऱ्यातलं स्प्रिंगखालचं वजन 35-40 किलो धरलं, तर एक किलो म्हणजे अडीच-तीन टक्के. तो पार्श्वभागाला कळतो, स्टीअरिंगवरच्या बोटांना कळतो, घड्याळाला फारसा कळत नाही.

तेव्हा टायर किती किलोंचा, हे विचारून झाल्यावर ते किलो कुठे खर्च झाले, हेही विचारायला हवं. तीन टायर या नजरेने वाचून पाहू.

पहिला मिशेलिनचा प्रायमसी एचपी. हा शांत, मध्यमवर्गीय प्रवासी टायर. टोयोटाने 2012 साली जीटी 86 ही बाराशे-सव्वाबाराशे किलोंची, मागच्या चाकांवर चालणारी छोटी स्पोर्ट्स कार आणली, तेव्हा तिला 215/45 आर 17 मापाचे हेच टायर दिले. पेट्रोल वाचवण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या प्रिअसवरही हा टायर मिळत असे. स्पोर्ट्स कारला प्रिअसचे टायर म्हटल्यावर पुष्कळांनी नाकं मुरडली. पण मुख्य अभियंता तेत्सुया तादा यांच्या चमूने ही निवड विचारपूर्वक केली होती. ग्रिप माफक असली की गाडीचा तोल साध्या वेगात हाताशी येतो. वळणावर मागचा भाग सुटायला लागतो तो जिवावर बेतेल अशा वेगाला नव्हे, तर चुकलं तर सावरता येईल अशा वेगाला.

यातली खरी मजा स्टीअरिंगमध्ये आहे. वळताना टायर जिकडे तोंड करतो, अगदी तिकडेच जात नाही. तो किंचित तिरका घसटत जातो आणि त्या तिरकेपणातूनच बाजूची पकड निर्माण होते. त्याच वेळी टायर स्वतःला सरळ करू पाहतो. आपल्या हाताला स्टीअरिंग जड लागतं ते त्यामुळे. हा सरळ होण्याचा जोर पकड संपण्याच्या थोडा आधीच ओसरू लागतो. स्टीअरिंग हातात हलकं पडतं आणि जाणत्या चालकाला इशारा मिळतो. प्रायमसीसारखा टायर हा इशारा कमी वेगात आणि सावकाश देतो. ग्रिपच्या तक्त्यात तो खालच्या रांगेत असेल, पण त्याचं बोलणं स्पष्ट आहे.

दुसरा मिशेलिनचाच, 2017 साली आलेला पायलट स्पोर्ट 4 एस. याची नक्षी आत आणि बाहेर वेगळी आहे, रबरही वेगळं आहे. वळणात सगळा भार बाहेरच्या खांद्यावर येतो, म्हणून तिकडे कोरड्या रस्त्यावर तग धरणारं मिश्रण. आतल्या बाजूला ओल्या रस्त्यावर पकडणारं सिलिकायुक्त मिश्रण. ट्रेडखाली अॅरॅमिड आणि नायलॉन यांच्या धाग्यांचा पट्टा आहे. तो कशाला हवा? ताशी 100 किलोमीटरला हा टायर सेकंदाला सुमारे 14 फेरे घेतो आणि ट्रेडवरचा प्रत्येक ग्रॅम स्वतःच्या जवळजवळ अडीचशे पट जोराने बाहेर पळू पाहतो. वेग दुप्पट झाला तर हा जोर चौपट होतो. टायर फुगू नये, पोस्टकार्डाचा आकार बिघडू नये, म्हणून ती लगाम हवी. ती पोलादाची केली असती तर वजन वाढलं असतं. अॅरॅमिडमुळे ताकद मिळाली आणि भारही आटोक्यात राहिला. इथे ग्रॅम योग्य जागी खर्चलेले दिसतात.

तिसरी जात ट्रॅककडे झुकलेली. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप 2 किंवा ब्रिजस्टोनचा पोटेन्झा आरई-71आर ही त्यातली गाजलेली नावं. अमेरिकेत टायरवर झिजेचा आकडा छापावा लागतो. 100 हा आधार धरला तर 300चा टायर सरकारी चाचणीच्या मार्गावर तिप्पट टिकावा अशी अपेक्षा. आकडा मात्र कंपनीच ठरवते. 4 एसवर 300 असतो, आरई-71आरवर 200, कप 2वर 180. तिथल्या हौशी स्पर्धांनी रस्त्यावरच्या टायरांच्या वर्गासाठी 200 ही किमान मर्यादा घातली. झालं! कंपन्यांनी 200 छापता येईल असे, पण शक्य तितके चिकट टायर बनवायला घेतले. नियमाच्या कुंपणाला टेकून उभं असलेलं हे रबर कोरड्या डांबरावर अद्भुत पकडतं. कप 2 तर आधी तापावा लागतो. थंड सकाळी पहिल्या वळणावर त्याच्यावर भरवसा टाकू नये, आणि साचलेल्या पाण्यात तर नाहीच.

या जातीतल्या काही टायरांचं वजन कमी भरतं आणि तक्तेवाले खूश होतात. ते कमी का भरतं, ते पाहा. साध्या नव्या टायरचा ट्रेड साधारण आठ मिलिमीटर खोल असतो, कप 2सारख्या टायरचा त्याहून बराच कमी. आता आपल्या 225च्या टायरवर तीन मिलिमीटर रबराचा हिशेब करू. ट्रेडची रुंदी 20 सेंटिमीटर, घेर जवळपास दोन मीटर, खाचांसाठी तीस टक्के सोडले, तर ते रबर जवळपास एक किलो भरतं. तोही सर्वांत बाहेरचा, दुप्पट वजनाचा किलो! शिवाय उथळ ट्रेडचे ठोकळे कमी वाकतात, त्यामुळे स्टीअरिंग लगेच ऐकतं. म्हणूनच ट्रॅकवर जाणारे काही जण नव्याकोऱ्या टायरचा ट्रेड मुद्दाम तासून घेतात.

या हिशेबातून एक मिश्कील गोष्ट निघते. ज्या एका किलोसाठी आपण दोन कंपन्यांच्या तक्त्यांवर डोळे फोडतो, तो किलो प्रत्येक टायर आपल्या आयुष्यात रस्त्यावर सोडतोच. आठचा पाच मिलिमीटर झाला की जड टायर हलका झालेला असतो. तक्त्यातलं वजन हे त्याच्या पहिल्या दिवसाचं वजन आहे.

रिमचंही तसंच फसवं आहे. जीटी 86ची पुढची पिढी, जीआर 86, अमेरिकेत दोन रूपांत आली. साध्या रूपाला 215/45 आर 17 प्रायमसी, वरच्याला 215/40 आर 18 पायलट स्पोर्ट 4. दोन्ही टायरांचा बाहेरचा व्यास जवळपास सारखाच, पण 18 इंचीची बाजू 97वरून 86 मिलिमीटरवर आली. टायरमधलं रबर घटलं आणि त्या जागी रिमचा धातू बाहेरच्या बाजूला सरकला. म्हणून टायर एकटा तोलण्यात अर्थ नाही. रिमसकट तोला. 2015च्या माझदा एमएक्स-5च्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चाकाचे पाच नट चारवर आणले आणि सुमारे हजार किलोंच्या गाडीला 195/50 आर 16 एवढे बेताचे टायर दिले. त्या गाडीचं कौतुक कुणी ग्रिपसाठी करत नाही, तिच्या चालीसाठी करतं.

आपल्याकडे बाजू हा आणखी नाजूक विषय. बाजूत कमी थर घालूनही वजन वाचवता येतं. टायर मऊ चालतो, छान वाटतो, आणि घाटातल्या एका खड्ड्यात रिम आणि दगड यांच्यामध्ये सापडला की बाजूला फुगा येतो. ते दुरुस्त होत नाही. ‘एक्सएल’ छापलेला, जास्त भार पेलणारा टायर थोडा जड असतो. पण तो किलो मजबुतीत खर्चलेला आहे. आणि उथळ खाचांचा हलका टायर आषाढात घाट उतरताना पाणी बाहेर टाकायला कमी पडतो, तेव्हा त्याच्या हलकेपणाचं कौतुक करायला कुणाला सुचत नाही.

माझा निकाल असा. ट्रॅकवर दिवस घालवायचा असेल तर तिसरी जात घ्या, पण ती घालून पावसात घराकडे निघू नका. रोजच्या रस्त्यासाठी दुसरी जात, तीही कंपनीने दिलेल्या सर्वांत लहान रिमवर. आणि गाडी चालवायला शिकायची हौस असेल तर पहिलीला हसू नका. दोन टायर सर्व बाबतींत तोडीस तोड निघाले तरच हलका उचला. आधी रबर, मग बाजू, मग ट्रेडची खोली, आणि वजन शेवटी. सध्याच्या टायरचा ट्रेड 1.6 मिलिमीटरवर, म्हणजे खाचेतल्या खुणेच्या बरोबरीला आला असेल, तर तो आता सर्वांत हलका आहे. तो बदला.