दार कोणी लावायचे?

नोव्हेंबर २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद झाले आणि अनेक भारतीय मॅस्टोडॉनकडे वळले. तिथे एक मालक नाही, म्हणून मुस्कटदाबीही नाही, असा समज होता. त्यातला पूर्वार्ध खरा आहे. उत्तरार्ध तपासायला हवा.

जर्मनीतील प्रोग्रामर ऑयगेन रोखको यांनी २०१६ साली मॅस्टोडॉन खुले केले. हे स्वतंत्र सर्व्हरांचे जाळे आहे. प्रत्येकाचे नियम वेगळे आणि राखणदार बहुधा बिनपगारी. ईमेलप्रमाणे एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्यावरच्याशी बोलू शकतो.

जुलै २०१९मध्ये या रचनेची कसोटी लागली. अमेरिकेतील अतिउजव्यांचा आसरा बनलेले ‘गॅब’ मॅस्टोडॉनचीच आज्ञावली घेऊन जाळ्यात उतरले. परवाना मुक्त असल्याने रोखको यांना ती नाकारता येईना. तेव्हा अनेक सर्व्हरांनी गॅबशी संबंध तोडले. ‘टस्की’ या ॲपनेही त्याला वाट बंद केली. द्वेषाचे लक्ष्य ठरणाऱ्यांना शेजाऱ्यांनी लावलेल्या या दारांचा खरा आधार होता.

तरीही मराठी वाचकाला इथे वाळीत टाकणे आठवेल. अख्खा सर्व्हर रोखला की त्यावरच्या निरपराधांचेही संबंध तुटतात. जातपंचायतींच्या मनमानीला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राला २०१६चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. अर्थात दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत. गाव सोडताना घरदार, सोयरीक सुटते; इथे सर्व्हर बदलता येतो, अनुयायीही नेता येतात. मात्र जुना मजकूर मागे राहतो आणि आधीच तुटलेली नाती आपोआप जुळत नाहीत.

माझा आक्षेप दार लावण्याला नाही, मुकाट्याने लावण्याला आहे. रोखलेल्या सर्व्हरांची यादी कारणांसह जाहीर करण्याची सोय मॅस्टोडॉनमध्ये आहे, पण ती ऐच्छिक आहे. आपल्याच सर्व्हरच्या कारवाईविरुद्ध दाद मागता येते. परक्या सर्व्हरने आपला सर्व्हर रोखला, तर सामान्य सदस्याला तशी ठरलेली वाट नाही. कारण सांगणे आणि फेरविचार करणे हे काम एकट्या स्वयंसेवकावर टाकणेही अन्यायाचे आहे. सदस्यांनी त्यात वेळ आणि पैसा घातला पाहिजे. मालक नको म्हणणाऱ्यांनी राखणीची पाळी तरी घ्यावी.