डाव कसा खेळलास?

आमच्या घरी पत्त्यांना प्रतिष्ठा अशी कधी नव्हतीच. दिवाळीच्या सुट्टीत बदाम सात आणि मेंढीकोट चालत असे. त्यापुढे कोणी गेले की आजी धर्मराजाचे उदाहरण देई आणि डाव मोडावा लागे. अशा घरातून आलेल्या माणसाच्या चिरंजिवांनी अमेरिकेत येऊन पत्तेच गंभीरपणे घ्यावेत, हा दैवाचा विनोदच म्हणायचा! चिरंजीव सोळा वर्षांचे आहेत आणि दर शुक्रवारी संध्याकाळी 'मॅजिक: द गॅदरिंग' खेळायला जातात. मध्यंतरी जेवताना त्याने सहज सांगितले, "बाबा, हे खेळून पैसे मिळवणारे लोकही असतात." सौ.ने माझ्याकडे पाहिले, मी आमटीकडे पाहिले. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून डेव्हिड कुशनर यांचे 'जॉनी मॅजिक अँड द कार्ड शार्क किड्स' हे २००५ सालचे पुस्तक घेऊन आलो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तो रचला रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने आणि बाजारात आला १९९३ साली. त्याच वर्षी गारफील्ड यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळाली. (आम्हाला त्या काळात प्रबंधापलीकडे काही सुचले नव्हते!) यात पत्ते बावन्न नसतात, हजारो प्रकारचे असतात. त्यांतून निदान ६० पत्त्यांचा कॅट प्रत्येकाने स्वतः बांधून आणायचा. काही पत्ते जमिनीचे. त्यांतून शक्ती मिळते आणि ती खर्चून प्राणी व मंत्र मैदानात उतरवायचे. प्रतिस्पर्ध्याचे २० गुण शून्यावर आणले की डाव जिंकला. दुसऱ्या एका प्रकारात घरून काहीच आणायचे नसते. बंद पाकिटे तिथेच फोडायची, एक पत्ता ठेवून उरलेले शेजाऱ्याकडे सरकवायचे आणि हाती येईल त्यातून कॅट जमवायचा. १९९६ साली न्यूयॉर्कला 'प्रो टूर' ही रोख बक्षिसांची स्पर्धा सुरू झाली आणि व्यावसायिक खेळाडू नावाची नवी जात जन्माला आली.

कुशनर यांच्या पुस्तकाचा नायक जॉन फिंकेल हा त्या जातीतला अगदी पहिल्या पिढीचा. न्यूजर्सीतला, शाळेत चिडवला जाणारा हा मुलगा. १९९८ साली त्याने न्यूयॉर्कची प्रो टूर जिंकली आणि २००० साली ब्रुसेल्सला तो जगज्जेता झाला. पुस्तक वेगवान आहे, मुलांच्या एकटेपणाबद्दल त्यात खरा जिव्हाळा आहे, आणि 'डूम' या संगणक-खेळाच्या जन्मकथेवर लिहिणारा हाच लेखक, त्यामुळे ही दुनिया त्याच्या परिचयाची. माझी तक्रार वेगळी आहे. पुस्तक फिंकेलला पत्त्यांच्या टेबलावरून उठवून ब्लॅकजॅक आणि पोकरकडे नेते. उपशीर्षकातच लास व्हेगास काबीज केल्याची द्वाही फिरवलेली आहे. म्हणजे मॅजिक ही नुसती शिडी, आणि माडी कुठली, तर कॅसिनो! आजीचे म्हणणेच लेखकाने जाड पुठ्ठ्यात बांधून दिले, असे मला वाटले.

ज्या वर्षी पुस्तक निघाले त्याच वर्षी खेळाच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये पहिल्या तुकडीत फिंकेलची निवड झाली. म्हणजे कारकीर्द संपली, आता हारतुरे, असाच सर्वांचा समज. पण २००८ साली क्वालालंपूरला तो पुन्हा उतरला आणि प्रो टूर जिंकला. न्यूयॉर्क आणि क्वालालंपूर या दोन्ही स्पर्धा पाकिटे फोडून खेळण्याच्या होत्या. मधल्या दहा वर्षांत पत्ते सगळे बदलले होते. ९८ साली जे पाठ होते त्याचा २००८ साली काडीइतका उपयोग नव्हता. तरी तो जिंकला, तेव्हा टिकली होती ती विचार करण्याची पद्धत. लेखकाला २००८ दिसणे शक्य नव्हते, हे मान्य. पण ती पद्धत १९९८ मध्येही होतीच, आणि तिच्यावर आणखी पाने खर्ची पडायला हवी होती.

ही पद्धत कोणती? समजा, तुमच्या कॅटात ४० पत्ते उरले आहेत, डाव जवळजवळ गेला आहे आणि तुम्हाला वाचवतील असे दोनच पत्ते आत आहेत. पुढच्या उचलीत त्यांतला एक येण्याची शक्यता शेकडा ५. सामान्य खेळाडू हताश होऊन हातातले कसेही टाकतो. कसलेला खेळाडू, तो पत्ता येणारच आहे असे धरून आजची खेळी करतो. कारण तो आला नाही तर हरणे ठरलेलेच आहे. शंभरातल्या पंच्याण्णव वेळा तो हरेल, तरी त्याची खेळी बरोबरच होती. उलट, चुकीची खेळी करूनही नशिबाने जिंकता येते. आम्ही संगणकवाले हे रोज पाहतो. प्रोग्रॅम चाचणीत पास होतो, उत्तर बरोबर येते, पण आतला तर्क चुकलेला असतो आणि सहा महिन्यांनी मध्यरात्री फोन वाजतो.

म्हणूनच नुसती विजेतेपदे मोजून या कारकिर्दीचे माप होत नाही. जर्मनीच्या काय बुडे याने अशी सात जिंकली, फिंकेलने तीन. तरीही श्रेष्ठ कोण, हा वाद खेळाडूंमध्ये वर्षानुवर्षे चालत आला. २०१२ साली होनोलुलूला उपांत्य फेरीत फिंकेल ब्रायन किबलरकडून हरला. त्या हरण्याने त्याच्या नावाला धक्का लागला नाही.

मग चिरंजिवांनी हाच धंदा करावा का? इथे मात्र माझ्यातला बाप जागा होतो. क्रिकेट कोणा एका कंपनीच्या मालकीचे नाही. हा खेळ आहे. २०१८ च्या अखेरीस कंपनीने ३२ खेळाडूंना प्रत्येकी ७५,००० डॉलर्सचे करार देऊ केले. २०२१ साली ती लीग गुंडाळत असल्याचे जाहीर झाले. प्रो टूर हे नावही मध्यंतरी गेले आणि २०२३ मध्ये परत आले. ज्यांनी नोकरी-शिक्षण बाजूला ठेवले होते त्यांचे काय झाले असेल, हे एच-वन व्हिसावर दिवस काढलेल्या वाचकांना सांगायला नको. फिंकेल स्वतः पुढे न्यूयॉर्कला हेज फंडाच्या व्यवसायात गेला आणि खेळत राहिला. खेळाने त्याला पोटापेक्षा डोके जास्त दिले, हे पुस्तक मिटल्यावर मला पटले.

आता एक कबुली. त्या शुक्रवारी चिरंजीव परत आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारले होते, "किती नंबर आला?" तो म्हणाला, "सातवा. पण बाबा, शेवटचा डाव..." आणि मी मध्येच म्हणालो, "आठांत सातवा?" तो वर निघून गेला. गणिताच्या पेपराला, पियानोच्या परीक्षेला, मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेला, आम्ही सगळे आईबाप हाच प्रश्न विचारत आलो. लेखकाला नावे ठेवणारा मी, माझी नजरही शेवटी गल्ल्यावरच!

पुढच्या शुक्रवारी मी विचारले, "शेवटचा डाव कसा खेळलास?" त्याने स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्ते मांडले. तो हरला होता. कुठे चुकला आणि कुठे चुकला नव्हता, हे समजावून सांगायला त्याला पाऊण तास लागला. आमटी गार झाली, सौ.ने ती दोनदा गरम केली.