नव्या वाहनांची नोंदणी : एका निर्देशकाची तपासणी

नव्या वाहनांच्या नोंदणीचे आकडे दर महिन्याला वर्तमानपत्रांत येतात आणि त्यांवरून देशाची अर्थव्यवस्था सुधारली की खालावली, याचा निवाडाही लगेच दिला जातो. आलेखाच्या पाठासाठी अशी बातमी वर्गात सहज वापरता येते. म्हणूनच हा निर्देशक कितपत भरवशाचा आहे, हे आपण तपासून पाहू.

प्रथम त्याची जमेची बाजू. नोंदणी म्हणजे नमुना पाहणीतून काढलेला अंदाज नव्हे. येथे एकेक वाहन मोजलेले असते. आकडा महिना संपताच हाती येतो. राष्ट्रीय उत्पादनाचे आकडे मात्र उशिरा येतात आणि पुढे त्यांत दुरुस्त्याही होतात. शिवाय गाडीची खरेदी लांबणीवर टाकता येते. नोकरीची शाश्वती नसली तरी माणूस धान्य घेतोच, गाडी मात्र घेत नाही. तेव्हा मंदीची चाहूल येथे लवकर लागावी, हे तर्काला धरून आहे.

आता जर्मनीचे उदाहरण घेऊ. २००८ मध्ये तेथे सुमारे ३१ लाख नव्या मोटारींची नोंदणी झाली. २००९ मध्ये हा आकडा ३८ लाखांवर गेला. म्हणजे सुमारे २३ टक्के वाढ. यावरून ते वर्ष भरभराटीचे ठरवावे लागेल. प्रत्यक्षात जागतिक मंदीमुळे त्या वर्षी जर्मनीचे राष्ट्रीय उत्पादन सुमारे ५ टक्क्यांनी घटले होते. २०१० मध्ये उत्पादन सुमारे ४ टक्क्यांनी वाढले, तर नोंदणी २९ लाखांवर घसरली.

असे का झाले? मंदीवर उपाय म्हणून सरकारने एक योजना आणली. किमान नऊ वर्षे जुनी मोटार मोडीत काढून नवी किंवा जेमतेम वर्षभर वापरलेली मोटार घेणाऱ्याला २५०० युरो मिळत. त्यासाठी ठेवलेले ५ अब्ज युरो सप्टेंबर २००९ च्या आरंभी संपले. पुढे कधीतरी मोटार घेतली असती अशा अनेकांनी ती आधीच घेतली. म्हणजे नोंदणीतली वाढ सुबत्तेची खूण नव्हती. मंदीवर दिलेल्या औषधाचा तो परिणाम होता.

आपल्याकडेही असे घडते. लहान मोटारी आणि बहुतेक दुचाकींवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. करकपातीचे सूतोवाच १५ ऑगस्टलाच झाले होते. मग ग्राहक थांबणारच! त्यातच त्या दिवसाच्या आधीचा पंधरवडा पितृपक्षाचा होता. खरेदी कराच्या आशेने थांबली, पितृपक्षामुळे थांबली की उत्पन्न घटल्यामुळे, हे नुसत्या नोंदणीवरून सांगता येत नाही. सिंगापूरमध्ये तर १९९० पासून नव्या वाहनांच्या परवान्यांची संख्याच सरकार ठरवते. तेथे मागणी वाढली की नोंदणी नव्हे, परवान्याची लिलावातली किंमत वाढते.

हा निर्देशक टाकून द्यावा, असे आमचे म्हणणे नाही. आमचा आक्षेप एकाच आकड्यावरून निवाडा देण्याला आहे. त्या काळात कर, अनुदान, नियम बदलले का? तुलनेच्या दोन्ही महिन्यांत सण सारखेच होते का? वीजवापर, मालवाहतूक हे इतर निर्देशक काय सांगतात? एवढे प्रश्न विचारल्यावाचून निष्कर्ष काढू नये.

शिक्षकांनी जर्मनीच्या तीन वर्षांच्या नोंदणीचा आलेख फळ्यावर काढावा आणि विद्यार्थ्यांना निष्कर्ष लिहायला सांगावे. उत्पादनाचे आकडे आणि योजनेची माहिती त्यानंतरच द्यावी. आपलाच निष्कर्ष खोडून पुन्हा लिहिण्याचा अनुभव विद्यार्थ्यांना त्यातून मिळेल.