दिनविशेषांतील ‘च’ : एक टिपण

दैनिकांत व दिनदर्शिकांत येणारे ‘दिनविशेष’ हे सदर मराठी वाचकाच्या इतक्या परिचयाचे आहे की, त्याच्या भाषेचा विचार करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. एका तारखेखाली निरनिराळ्या सालांतील घटना मांडावयाच्या, एवढीच त्याची रचना. सालांची स्मृती जागती ठेवण्याचे श्रेय ह्या सदरास दिलेच पाहिजे. परंतु ह्या मांडणीतून इतिहासाविषयी एक विधानही नकळत केले जाते. ते तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू होय.

आफ्रिकेच्या इतिहासातील १६ डिसेंबर ही तारीख घेऊ. १८३८ साली त्या दिवशी दक्षिण आफ्रिकेत ‘ब्लड रिव्हर’च्या लढाईत बोअरांनी झुलू सैन्याचा पराभव केला. १९६१ साली ह्याच दिवशी ‘उमखोंतो वे सिझवे’ ह्या सशस्त्र संघटनेने आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. तिच्या संस्थापकांत नेल्सन मंडेला होते. १९७१ साली ह्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. १९९५ पासून दक्षिण आफ्रिकेत ह्याच दिवशी ‘सलोखा दिन’ पाळला जातो.

ह्या तिन्ही ‘ह्याच’मधील ‘च’ रूपाने एक आहे, अर्थाने नाही. ढाक्याच्या वाक्यातील ‘च’ केवळ योगायोग सांगतो. उरलेल्या दोहोंतील ‘च’ निवड सांगतो. गोऱ्यांनी १६ डिसेंबर हा आपल्या विजयाचा उत्सव केला होता, म्हणून प्रतिकाराच्या आरंभासाठी तो दिवस निवडला गेला. पुढे लोकशाही शासनाने ती सुटी रद्द न करता तिचे नाव व आशय पालटला. दिनविशेषांत मात्र ‘स्थापना’, ‘प्रारंभ’, ‘निधन’ ही नामे क्रियापदाची जागा घेतात. त्यामुळे कर्ता लोपतो आणि कर्त्याबरोबर हेतूही लोपतो. संघर्ष योगायोगासारखा दिसू लागतो.

हा प्रश्न दूरदेशाचाच नव्हे. १४ ऑक्टोबरखाली १९५६ चे नागपूरचे धम्मदीक्षा आणि १९९९ चे टांझानियाचे ज्युलियस न्येरेरे यांचे निधन शेजारी येऊ शकतात. त्यांत योगायोगापलीकडे काही नाही. उलट, धरमपेठेपासून जवळच असलेल्या दीक्षाभूमीवर लोटणारा जनसमुदाय विजयादशमीची तिथी पाळतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी निवडली ती अशोकाच्या स्मृतीशी जोडलेली विजयादशमी. तारखेची यादी ही निवड दाखवू शकत नाही. राष्ट्रीय स्वयंसेवक संघाची स्थापनाही १९२५ च्या विजयादशमीची, पण तारीख २७ सप्टेंबर. म्हणून यादीत हे दोन प्रसंग कधी एकत्र येत नाहीत, नागपुरात मात्र दरवर्षी येतात. तथापि तिथी एक म्हणून संबंध सिद्ध होतो, असेही नाही. संघामुळे नागपूर निवडले हा तर्क आंबेडकरांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात स्वतःच नाकारला आणि नाग लोकांनी केलेल्या धर्मप्रसाराचे कारण दिले. निवडणाऱ्याचे असे वचन हाच खरा पुरावा.

तात्पर्य, ‘ह्याच दिवशी’ असे लिहिणाऱ्याने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : दिवस कोणी निवडला, व कशासाठी? उत्तर असल्यास एका ‘म्हणून’ने वाक्य पूर्ण करावे, नसल्यास ‘च’ गाळावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अव्ययाकडे इतके लक्ष देणे अवाजवी ठरू नये.