‘तुरट’ या शब्दाचे काम

रेड वाइनविषयी मराठीत लिहिले जाते तेव्हा ब्लॅककरंट, प्लम, सीडर हे शब्द सर्रास येतात. लिहिणाऱ्याने किंवा वाचणाऱ्याने ब्लॅककरंट चाखलेले असतेच असे नाही. मग अशा वर्णनातून वाचकाच्या पदरी पडतो तो फक्त ‘आपल्याला यातले कळत नाही’ हा न्यूनगंड. वास्तविक मिश्र रेड वाइन पारखायला लागणारे बरेचसे शब्द आमच्या मावळच्या रानमेव्यात आहेत.

उदाहरणादाखल सोलापूर जिल्ह्यातील अकलूजच्या फ्रातेल्लीची ‘सेत्ते’ घेऊ. इटालियन सेची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावाभावांच्या जोड्यांनी हा कारखाना उभारला. तस्कनीचे पिएरो मासी त्याचे वाइनकार. सांजोवेजे आणि कॅबरने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांच्या मिश्रणावर ‘सेत्ते’ची ओळख झाली. ती ओकच्या पिंपात मुरवतात.

दोन द्राक्षे कशासाठी? कॅबरनेचे मणी लहान, साल जाड. त्यामुळे रंग आणि टॅनिन भरपूर. सांजोवेजेचा गुण आंबटपणा. आपल्याकडे ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते आणि वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरवतात. ऊन चढते तशी मण्यांत साखर वाढते, आम्ल घटते. अशा हवेत आंबटपणा धरून ठेवणारे वाण जोडीला घेण्यात शहाणपण आहे.

हा फरक समजायला लोणावळा-खंडाळ्याच्या रस्त्यावर उन्हाळ्याच्या शेवटी विकायला येणारी करवंदे आणि जांभळे पुरेशी आहेत. करवंदाने तोंडाला पाणी सुटते. जांभळाने जीभ कोरडी पडते. पहिले आम्लाचे काम, दुसरे टॅनिनचे. टॅनिन लाळेतील प्रथिनांना बांधते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ खरखरीत लागते. आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक मानला. आजचे शास्त्र त्याला चवीपेक्षा स्पर्श समजते. जांभळाचा आणि लाल द्राक्षाचा रंगही अँथोसायनिन या एकाच कुळातील द्रव्यांचा. म्हणजे ही तुलना निव्वळ अलंकारिक नाही.

म्हणून तुरटपणा हा दोष नव्हे. तो कोणत्या जातीचा, हे विचारावे. पिकलेले जांभूळ आधी गोड लागते, मग तुरट, आणि तो तुरटपणा हळूहळू विरतो. कच्च्या चिकूची मात्र तोंडात मिठी बसते. चांगल्या मिश्रणात कॅबरनेचा तुरटपणा सांजोवेजेच्या आंबटपणाने धुऊन निघतो आणि दुसरा घोट घ्यावासा वाटतो. ‘सेत्ते’चे मोल मी याच जागी मोजतो. कोवळ्या बाटलीत ओकचा व्हॅनिलासारखा वास फळावर चढून बसला, तर हा तोल कळत नाही. तिला आणखी काही काळ द्यावा.

‘खोलीच्या तापमानाला प्यावी’ ही सूचनाही अशीच उसनी. ती खोली युरोपातली, १६ ते १८ अंशांची. मे महिन्यात पुण्यात त्याच सूचनेने अल्कोहोल नाकात चढते. बाटली थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवलेली बरी.

ओकच्या वासाला मात्र मराठीत नेमका शब्द नाही. तेथे ‘ओक’च म्हणावे. उसना शब्द जेथे खरोखर लागतो तेथे घ्यावा. जांभूळ हाताशी असताना ब्लॅककरंट कशाला?