चित्रचिपची मर्यादा आणि दृश्यशैली

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातील घराघरांत टीव्हीला जोडून खेळले गेलेले अनेक ‘व्हिडिओ गेम’ निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम (१९८३) या जपानी यंत्राच्या नकला होत्या. मासायुकी उएमुरा यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या मूळ यंत्रात चित्रांसाठी रिको कंपनीची स्वतंत्र चिप होती. या खेळांच्या दृश्यरूपाचे श्रेय सामान्यतः चित्रकारालाच दिले जाते. चिपचा विचार टाळणारे हे मूल्यमापन अपुरे ठरते.

ही चिप पडदा ८ × ८ बिंदूंच्या तुकड्यांतून रचते. तुकड्यांचा साठा मर्यादित असल्याने ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ (१९८५) मध्ये ढग व झुडूप यांची आकृती एकच आहे. भेद केवळ रंगाचा. काटकसरीतून येथे शैली जन्मली. तसेच एका आडव्या रेषेवर ८ पेक्षा अधिक हलते तुकडे चिप दाखवत नाही. तेच ते तुकडे अदृश्य राहू नयेत म्हणून प्रोग्रामर त्यांचा क्रम सतत बदलतो. परिणामी आकृती लुकलुकतात. हा दोष मानला जातो. वस्तुतः तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय होय.

आज काही एम्युलेटर ही मर्यादा उठवण्याची सोय देतात. चित्र स्थिर होते, परंतु तो निर्णय पुसला जातो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील पैठणच्या पैठणीवरील मोराची कोनदार रेषा धाग्यांच्या गणनेतून येते; ती गुळगुळीत केल्यास विणकामाची ओळखच हरवेल. म्हणून जुन्या खेळांचे जतन करताना त्यांच्या मर्यादांचेही जतन होणे अगत्याचे आहे.